लायसन्स नको, पासिंग नको म्हणत ७७,०५० रुपयांना गळ्यात मारलेली स्कूटर

आधी हिशेब. बॅटरीवर चालणारी गाडी ६८,५०० रुपये. 'सबसिडी फाईल'चे ३,५००. विम्याचे २,८५०. गार्ड, मॅट आणि सीट कव्हर २,२००. एकूण ७७,०५० रुपये, २०२४ च्या दसऱ्याला, आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका शोरूममध्ये. त्यातले ४०,००० रोख, म्हणजे बचत गटातून शेकडा एक रुपया महिना व्याजाने उचललेले. उरलेले ३७,०५० फोनवरून. ना सबसिडी आली, ना विम्याचा कागद, आणि गाडी आता गोठ्यात उभी आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. कारण नुसतं स्टिकर बदललं की या गाड्यांचं नाव बदलतं. नाव लक्षात ठेवाल आणि दुसऱ्या नावाची तीच गाडी घेऊन घरी याल.

लोक म्हणतात, शिकलेली बाई कशी काय फसली? तेही ऐकून घेतलं. मी पाच गावांतल्या बचत गटांचं काम बघते. वाचल्याशिवाय कशावर सही करू नका, हे बायकांना मीच शिकवते, त्यामुळे ही गोष्ट मी बरेच महिने कोणाला सांगितलीच नाही. पण माझी अडचणही बघा. आमच्या फाट्यावर सकाळी एक एसटी येते, त्यानंतर काळीपिवळीत कोंबून जायचं, तीही भरल्याशिवाय हलत नाही. रोजचं जाणं-येणं पस्तीस किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल शंभरीच्या पार. लायसन्सचा कॅम्प तालुक्याला ठरलेल्या दिवशीच लागतो आणि त्या दिवशी नेमकी माझी मीटिंग असते. अशा बाईला कोणी म्हटलं, "ताई, लायसन्स नाही लागत, पासिंग नाही लागत, अजून काय पायजे तुमाले?" तर ती दुकानात शिरणारच. मी शिरले.

फसवणूक कशी होते हे तुम्हाला माहीतच आहे. फ्लेक्सवर 'सरकारमान्य', दारात फुगे, दसऱ्याची ऑफर, 'शेवटच्या दोनच गाड्या राहिल्या'. ते सगळं मलाही दिसत होतं. मला जे दिसूनही कळलं नाही, ते सांगते.

ट्रायलला दुकानातला पोट्टा मागे बसला. डांबरी रस्ता, सपाट, गाडी सुसाट. काटा ४५ वर. मी विचारलं, "तुमच्या पॉम्प्लेटवर तर पंचवीसचा स्पीड लिहिला हाये." तो हसला. म्हणाला, "ते कागदावर असते ताई. एक वायर काढली की झालं." वर मलाच म्हणतो, "पंचवीसनं कोण जाते आजकाल?"

तिथंच उतरून घरी यायला हवं होतं. रात्री अजूनही तेच वाक्य आठवतं आणि अंगाची आग होते. कागद एका गाडीचा आणि माल दुसऱ्या गाडीचा, हे तो तोंडाने सांगत होता आणि मला वाटलं, आपल्याला फुकटात जास्त मिळतंय.

नियम साधा आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच कायद्याने ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. मग लायसन्स नको, नोंदणी नको, विम्याची सक्ती नाही. त्यातही त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. या दोन्हींतली एक अट ओलांडली की ती मोटारसायकलसारखीच गाडी. तिला हिरवी नंबर प्लेट लागते, विमा लागतो, चालवणाऱ्याला लायसन्स लागतं. वायर काढलेली गाडी म्हणजे बिनानोंदणीची गाडी. राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहीमसुद्धा काढली होती. ती आमच्या तालुक्यापर्यंत आली नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट. गाडी मेन स्टँडवर लावायला दोन पोट्टे लागले. एकाने मागचं कॅरियर धरलं, एकाने हँडल, "हं, उचल." मी जवळच उभी. सीट उघडून दाखवायला सांगितली तर आत वीटभट्टीवरच्या विटांसारख्या ओळीने पाच काळ्या बॅटऱ्या, मध्ये तांब्याच्या पट्ट्या आणि नट. मी विचारलं, लिथियम आहे ना? मालक म्हणाला, "ग्राफिन हाये ताई, लिथियमच्या पुढचं. लिथियम जळते." ग्राफिन म्हणून जे खपवतात ती बहुतेक वेळा साधी लेड ॲसिडच असते, आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या जातीची. पाच मिळून चाळीस किलोच्या वर वजन. तेवढीच ताकद लिथियममध्ये दहा-बारा किलोत येते. म्हणून सांगते, बॅटरी हातात उचलून बघा. वजन लपवता येत नाही.

आणि 'एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर'! हा हिशेब सहावीतलं पोरगंही करेल. बॅटरीवर व्होल्ट आणि ॲम्पिअर-आवर लिहिलेलं असतं. माझ्या गाडीत ६० व्होल्ट, २८ ॲम्पिअर-आवर. गुणाकार १,६८० वॅट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटांच्या आत. स्कूटरला किलोमीटरमागे पंचवीस-तीस वॅट-तास लागतात. अगदी तळापर्यंत काढली तरी साठ-पासष्टच्या वर जात नाही, आणि लेड ॲसिड रोज तळापर्यंत काढली की तिचं आयुष्य संपतं. निम्मीच वापरायची असते. म्हणजे खरी तीस. माझं रोजचं काम पस्तीसचं. हा गुणाकार दुकानात केला असता तर तिथंच लक्षात आलं असतं. पण दुकानात कोण गुणाकार करू देतं? चहा येतो, पेढा येतो, नारळ फोडायला पुढे बोलावतात.

थंडीत कशीबशी चालली. उन्हाळा लागला आणि संपली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अशा उन्हात लेड ॲसिड लवकर मरते आणि अर्धवट चार्ज ठेवली तर त्याहून लवकर. गावात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, रात्रभर लावलेला चार्जर सकाळी लालच दिसायचा. एप्रिलमध्ये भर दुपारी, दोन गावांच्या मध्ये, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ गाडी बंद पडली. अंगात चाळीस किलोच्या बॅटऱ्या घेऊन बसलेली गाडी ढकलून बघा एकदा.

गावातल्या वायरिंगवाल्या भाऊंनी मीटर लावला. चार बॅटऱ्या साडेबारा व्होल्टच्या वर, एक १०.२ वर. पाचही एकामागे एक जोडलेल्या, त्यामुळे एक मेली की बाकीच्या चारही तिच्या मागे जातात. मी म्हटलं, ठीक आहे, एक बदलून घेऊ. शोरूमवाला म्हणे, "एक नाही बदलत, पूरा सेट घ्या, २४,५०० रुपये." वॉरंटी? कार्डावर एक वर्ष लिहिलंय, पण बॅटरीच्या सिरीयल नंबरचा रकाना रिकामा. "नंबर नाही तं क्लेम कसा टाकू ताई?" रकाना भरायचं काम कोणाचं होतं? त्याचंच. तेव्हा म्हणाला होता, "मागून भरून देतो." पुढे बिल काढून बघितलं तर ते गाडीचं, फक्त ४८,००० रुपयांचं. बॅटरीचा उल्लेखच नाही. बाकीचे पैसे एका कोटेशनच्या चिठ्ठीवर, त्यावर ना जीएसटी नंबर, ना शिक्का. जीएसटीचं पक्कं बिल, त्यात चेसिस नंबर, मोटर नंबर आणि बॅटरीचा नंबर नसेल तर पैसे खिशातून काढू नका. 'मागून देतो' म्हणणाऱ्याला 'मग पैसेही मागून देते' म्हणा.

सबसिडीचं तर हसू येतं, म्हणजे आता येतं. मला २२,००० सांगितले होते, तीन महिन्यांत खात्यात. आधार, पासबुक, दोन फोटो, ३,५०० रुपये. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, म्हणजे माझ्या खरेदीच्या वेळी ताजी होती. तिच्यात तेव्हा बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला, म्हणजे एका युनिटाला, ५,००० रुपये आणि जास्तीत जास्त १०,००० होते. पुढच्या वर्षी तेही निम्मं. २२,००० आणणार कुठून? आणि मुख्य म्हणजे ही सूट ग्राहकाच्या खात्यात येतच नव्हती. बिलातूनच वजा व्हायची, ग्राहकाच्या मोबाईलवर व्हाउचर यायचं, पैसे कंपनी सरकारकडून घ्यायची. त्यातही नोंदणी होणारी, लिथियमसारख्या बॅटरीची गाडीच बसायची. बिनापासिंगच्या लेड ॲसिड गाडीला एक रुपयाही नव्हता. सबसिडीसाठी फाईलचे पैसे मागणारा माणूस चोर आहे, मग त्याच्या दुकानात कोणत्याही पुढाऱ्याचा फोटो असो.

आता सरकारी दारांचं ऐका.

पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, "हे पैशाचं भांडण हाये बाई, कोर्टात जा." अर्ज घ्या म्हटलं तर घेतला, पोच मागितली तर म्हणे साहेब आल्यावर. साहेब कधी आले ते मला कळलं नाही. पोच मिळाली नाही. त्याआधीच, गाडी चालू होती तेव्हा, तालुक्याच्या चौकात वाहतूक पोलिसाने अडवलं होतं. "नंबर प्लेट कुठे? लायसन्स?" मी दुकानदाराचंच वाक्य ऐकवलं. तो म्हणाला, "काटा दाखव." काटा साठपर्यंत छापलेला. लायसन्सशिवाय चालवल्याचा दंड ५,००० असतो, हे त्याने नीट समजावून सांगितलं आणि बाई माणूस म्हणून सोडलं. उपकार झाले.

मग जिल्ह्याला परिवहन कार्यालयात. अर्धा दिवस खिडकी बदलण्यात. शेवटी एक बाबू म्हणाले, ही गाडी आमच्या रेकॉर्डला नाही, हे मोटार वाहनच नाही, आमचा संबंध येत नाही. मी मोबाईलमध्ये काढलेला ४५ चा व्हिडिओ दाखवला. ते लगेच सावरून बसले. "म्हणजे तुम्ही बेकायदेशीर गाडी चालवता. आणा इकडे, जप्त करतो." मी विचारलं, आणि विकणाऱ्याचं काय? "त्याच्यावर तक्रार द्या." कुठे? "पोलिसात." म्हणजे चौकात ती मोटार वाहन, कार्यालयात ती मोटार वाहन नाही, जप्त करायची तर पुन्हा मोटार वाहन, आणि माझे पैसे परत मागायचे तर ती काहीच नाही. दुकानदाराला हे सगळं पक्कं ठाऊक असतं. तो स्कूटर विकत नाही, या दोन कार्यालयांच्या मधली फट विकतो.

तहसीलला गेले तर पुरवठा विभागाकडे पाठवलं. तिथे म्हणे ग्राहक दिन डिसेंबरमध्ये असतो, तेव्हा या. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो हे खरं आहे. सतरंजी असते, चहा असतो, 'जागो ग्राहक'वर भाषण होतं. मी गेलेही. प्रश्न विचारायला उठले तर सूत्रसंचालक म्हणाले, वेळेअभावी थांबतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, तक्रार कंपनीकडे गेली. कंपनीने दाद दिली नाही. पण तो क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतात. खरं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि दुकान कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे मला एकाही खिडकीवर कोणी सांगितलं नाही. गटातल्या एका बाईच्या पुण्यात शिकणाऱ्या मुलीने सांगितलं.

तिथेही पुरावा म्हणजे काय, तर फोनवरून दिलेले ३७,०५०. तेही दुकानाच्या नावावर नाही, मालकाच्या मेव्हण्याच्या नावावर गेलेले. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर येणारं नाव वाचा. रोख दिलेल्या ४०,००० ला तो आता "कोणते चाळीस?" म्हणतो.

घरचे म्हणतात इलेक्ट्रिकचं खूळच सोड. मी नाही सोडणार, गाडी वाईट नसते, गळ्यात मारलेली गाडी वाईट असते. किराण्याला, देवळात, गावातल्या गावात फिरायचं असेल तर पंचवीसच्या वेगाची खरीखुरी गाडी चालते, वायर न काढलेली. आमच्यासारखं रोज तीस-चाळीस फिरणाऱ्यांनी अडीच-तीन किलोवॅट-तासांची लिथियम, हिरव्या प्लेटची, नोंदणी होणारीच घ्यावी, आणि लायसन्सचा कॅम्प एकदाचा गाठावा. मी गाठला. शेतातल्या घरी राहत असाल, कृषी फीडरवर, म्हणजे शेतीच्या वीज लाईनवर, लाईट पाळीनेच येत असेल, तर काढून गावात चार्ज करता येते अशीच बॅटरी. पावसाळ्यात पांदणीतून जाणाऱ्यांनी चाकं आणि गाडीखालची उंची आधी बघा, रंग नंतर. चाकातच मोटर असेल तर मागचं पंक्चर गावात कोण काढतो ते विचारून घ्या. आणि तुमच्या तालुक्यात त्याच कंपनीची गाडी दोन उन्हाळे चालवलेला माणूस शोधा. तो सापडत नसेल तर घेऊ नका.

ते शोरूम आता बंद आहे. शेजारच्या तालुक्यात नवीन नावाने उघडलंय, फ्लेक्स तोच. माझ्यासोबत त्याच दसऱ्याला तिथून गाडी घेतलेल्या बऱ्याच जणी आहेत, लाजेने गप्प बसलेल्या. त्यांना सांगते: बिल, कोटेशनची चिठ्ठी, वॉरंटी कार्ड, फोनवरच्या पैशांचे स्क्रीनशॉट आणि बॅटऱ्यांचे फोटो एका पाकिटात घाला. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, खरेदीपासूनच मोजून चाला. माझी तक्रार दाखल झाली आहे. प्रत पाहिजे असेल तर बुधवारच्या बाजारात भेटा.