बुवांच्या आवाजाला प्लेट की हॉल?

कणकवली-कुडाळकडच्या भजनाचं लाइव्ह रेकॉर्डिंग मिक्स करायला घेतलं की रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाला नंतर द्यायच्या कृत्रिम घुमाऱ्याचा, प्रश्न शेवटी प्लेट आणि हॉल या दोन प्रकारांवर येऊन थांबतो. सेंड (ट्रॅकमधून रिव्हर्बकडे पाठवलेला आवाज) आणि रिटर्न (तिथून परत येणारा घुमारा) वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

हॉल म्हणजे मोठ्या सभागृहासारखा घुमारा; तो भव्य, त्यात वाद नाही. पखवाज सुरू होण्याआधी बुवा आलाप घेतात, त्याला अडीच सेकंदांचा हॉल द्या, मंडळ तिथेच खूश. माझं बिनसतं ते पुढे, गजराची लय चढल्यावर, आणि तेही झांजेमुळे. आपल्याकडे सगळे एकाच सभामंडपात बसून गाणार, म्हणजे बुवांच्या माइकात झांज शिरणारच. सेंड बुवांचा, पण हॉलमध्ये झांजही जाते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अडीच सेकंद म्हणजे पाच मात्रा! एक ठोका विरायच्या आत पुढचे चार येऊन बसतात आणि गजरभर मागे तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चरचरत राहतं. रिटर्नवर ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं तर चरचर जाते, पण हॉलचा मोकळेपणाही जातो. शेपटी (विरत जाणारा घुमारा) सेकंदावर आणली तर तो हॉल न राहता साधी खोली वाटू लागते. आणि खोली रेकॉर्डिंगमध्ये आधीच असते. कौलारू देवळात ती खपून जाते. स्लॅब आणि फरशीच्या नव्या सभामंडपात मात्र आवाज मुळातच घुमलेला असतो. (गालिचा अंथरा म्हटलं तर कोण ऐकतंय!)

प्लेट म्हणजे मुळात ताणून टांगलेला पोलादी पत्रा. १९५७ ची ईएमटी १४० त्यातली सगळ्यात गाजलेली. आपण वापरतो ती सॉफ्टवेअरमधली नक्कल. पत्र्यात भिंतींवरून सुटे सुटे परतणारे प्रतिध्वनी नाहीत, दाटपणा लगेच येतो. त्यामुळे सव्वा सेकंदावरही प्लेट प्लेटच राहते आणि सभामंडपात दुसरा सभामंडप उभा राहत नाही. ती जात्या चमकदार, तेव्हा वरचं थोडं कापावं लागतंच. मी ६०० हर्ट्झच्या खालचंही काढतो, म्हणजे पखवाजाचा डावा गढूळ होत नाही. प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमारा यांच्यातलं अंतर) ३०-४० मिलिसेकंद, अभंगाचे शब्द पुढे राहतात.

हॉल अगदीच टाकला नाही. सुरुवातीच्या आलापापुरता ऑटोमेशनने (ठरवलेल्या जागी आपोआप) उघडतो, पखवाजाची पहिली थाप पडली की बंद. तुमचं मंडळ स्टुडिओत वेगवेगळ्या ट्रॅकवर गात असेल तर माझी ही तक्रार तुम्हाला कदाचित लागूच पडणार नाही. तिथेही मी तरी आधी प्लेटच उघडेन.