बारा इंची टोनआर्मसोबत आठ महिने

रेकॉर्ड प्लेअरचा नऊ इंची टोनआर्म (सुई धरणारा दांडा) काढून बारा इंची बसवला तेव्हा टर्नटेबल, फोनो स्टेज (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग), कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी), सगळं जुनंच ठेवलं होतं. इथेच चूक झाली.

माझं कार्ट्रिज मऊ सस्पेन्शनचं एमएम (मूव्हिंग मॅग्नेट), वजन 7 ग्रॅम, कम्प्लायन्स (सुईच्या आधाराची लवचीकता) 20. जुन्या आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं वजन) 11 ग्रॅम, नव्याचं 20. हिशेब केला तर रेझोनन्स, म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज मिळून आपसूक डोलतात ती वारंवारता, 8 हर्ट्झवरून 7 च्याही खाली गेलेला. हवा तो 8 ते 12 मध्ये. तबकडी जराशी वाकडी असली की वूफरचा पडदा श्वास लागल्यासारखा आतबाहेर करायचा. दोन महिने मी ॲम्पला दोष देत होतो! मग डेनॉनचं डीएल-103 कार्ट्रिज घेतलं. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेसाठी 1960 च्या दशकात बनलेलं, ताठ सस्पेन्शनचं, सुईवर अडीच ग्रॅम भार मागणारं. लांब, जड आर्मवर ते मुकाट बसलं.

तुलना खरी व्हावी म्हणून तेच डीएल-103 आठवडाभर जुन्या आर्मवरही लावलं. रेकॉर्डच्या बाजूच्या सुरुवातीला मला फरक ओळखता आला नाही. बास वाढला, आवाजाचं स्टेज रुंदावलं वगैरे लोक सांगतात, मला तसं काही जाणवलं नाही. फरक कळतो तो शेवटच्या चार-पाच मिनिटांत. 33⅓ च्या गतीला काठावर सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. सुई खाचेशी सरळ न राहता किंचित तिरकी पडते, आणि तेवढ्याच कोनाच्या चुकीची किंमत तिथे जास्त पडते. आणि आपल्या ख्यालाच्या एलपीत नेमकी तिथेच द्रुत असते! तार सप्तकातल्या ताना आधी किंचित फाटायच्या, 'स' ला चरचर यायची. आता ती बरीच कमी झालीय, पूर्ण गेलेली नाही.

कारण साधं आहे. लांब आर्मचा ऑफसेट कोन (कार्ट्रिज आर्मच्या रेषेपासून जितकं आत वळवलेलं असतं तो) 23 अंशांऐवजी 18 च्या आत येतो आणि कोनाची कमाल चूक साधारण 2 अंशांवरून दीडवर. ऑफसेट कमी म्हणून आत ओढणारं स्केटिंगही कमी. मिळकत अर्ध्या अंशाची, एवढंच. ओव्हरहँग (सुई तबकडीच्या मध्यापलीकडे जितकी जाते ते अंतर) 1 मिलिमीटर चुकला तर लेबलजवळ जवळजवळ एक अंश बिघडतो, आर्म कितीही लांब असो. म्हणजे घाईघाईत लावलेल्या बारा इंचीपेक्षा नीट लावलेला नऊ इंची बरा. मला प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) घेऊन तीन रविवार घालवावे लागले, आणि चष्म्याचा नंबर वाढलाय हेही तेव्हाच कळलं.

मुळात एवढे लांब आर्म रेडिओ स्टेशनांच्या 16 इंची तबकड्यांसाठी लागायचे. घरात त्यांची अडचणच होते. प्लिंथ (टर्नटेबलचा पाया) मोठा करून घ्यावा लागला आणि झाकण आता बसत नाही, त्यामुळे आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पांघरतो. नऊ इंची आर्म विकलेला नाही. ते मऊ एमएम त्याच्यावरच नीट वाजतं, आणि सिनेमाच्या रेकॉर्ड्स मी अजून त्याच जोडीवर लावतो.