विट्याचं कोनाचं सूत: घरच्या क्रोशाला कितपत कामाचं?

सांगलीत घरातल्या तिघा-चौघांनी मिळून विणायला बसायचं ठरलं की पहिली फेरी लोकरीच्या दुकानात होते. रंग तिथे झकास मिळतात, पण 'लोकर' म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. एप्रिलच्या दुपारी अ‍ॅक्रिलिक मांडीवर घेऊन बसणं म्हणजे शिक्षाच. बोटांना घाम सुटतो, धागा सुईवर अडकतो आणि मुलं दहा मिनिटांत उठतात. इथल्या हवेला सुतीच बरं. जिल्ह्यात विट्यासारखं यंत्रमागाचं गाव असताना सुतासाठी लांब जायचं कारण नाही. मागाला लागणारं सूत कोनावर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या कागदी नळीवर गुंडाळलेलं येतं, आणि किलोच्या हिशेबात क्रोशाच्या तयार गुंड्यांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. फक्त ते मागासाठी काढलेलं असतं, हातासाठी नाही. ही मधली दरी घरीच भरून काढावी लागते.

कोनाच्या आतल्या कागदी नळीवर किंवा चिठ्ठीवर काउंट, म्हणजे सुताच्या जाडीचा नंबर लिहिलेला असतो. आकडा मोठा तितकं सूत बारीक, इथेच नवखा माणूस फसतो. घरच्या कामाला २/२० मागा, म्हणजे वीस नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले. नुसतं २० सिंगल घेतलं तर सुईच्या टोकावर त्याचे तंतू सुटतात. सायझिंग केलेलं, म्हणजे खळ दिलेलं सूत कुणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. ते तारेसारखं ताठ असतं आणि हातात भुकटी सोडतं. विक्री बहुधा अख्ख्या बॅगेची असल्यामुळे सुटा कोन आहे का, हे आधी विचारून घ्यावं. एक कोन साधारण दीड-दोन किलोचा भरतो आणि चार जणांना तो महिनोन्‌महिने पुरतो.

२/२० सूत १०० ग्रॅममध्ये सुमारे १,७०० मीटर भरतं. ४ मिमीच्या सुईला १०० ग्रॅममध्ये २०० मीटरच्या आसपास भरणारा धागा लागतो. म्हणजे आठ पदर एकत्र घ्यायचे. चारच घेतले तर अडीच मिमीची सुई आणि तोरणाचं नाजूक काम. शिकणाऱ्यासाठी आठच, कारण टाका डोळ्यांना दिसला पाहिजे. सुई अ‍ॅल्युमिनियमची, बोथट टोकाची घ्या, टोकदार सुई आठातले दोन पदर हमखास मागे ठेवते. आणि दुकानात नंबर सांगण्यापेक्षा मिलिमीटर सांगा. स्टीलच्या बारीक सुयांचे नंबर उलटे चालतात.

पदर जुळवणं हे या सुतातलं सगळ्यात किचकट काम, पण घरातल्या सगळ्यांना कामाला लावणारंही हेच. कोन जमिनीवर उभा ठेवून सूत वरच्या बाजूने ओढायचं, आडवा ठेवला तर तो घरभर लोळतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत ५० ग्रॅमचे चार गुंडे करा. प्रत्येक गुंडा वेगळ्या पातेल्यात ठेवा, चारही टोकं एका काचेच्या बांगडीतून ओवा. एकाने बांगडी धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचं, तिसऱ्याने पातेल्यांवर नजर ठेवायची. एक गुंडा जरी अडकला तरी तो पदर ताणला जातो, बाकीचे तीन सैल राहतात, आणि पुढे विणताना त्या सैल पदरांच्या झोळ्या टाक्याबाहेर लोंबतात. ही चूक विणताना सुधारता येत नाही, गुंडाळतानाच थांबून ओढ सारखी करावी लागते. चौपदरी झालेल्या २०० ग्रॅमचे दोन सारखे भाग करून तीच कृती पुन्हा केली की आठ पदर होतात. हातात टकळी असेल तर हलका पीळ द्या, दोन-तीन सेंटिमीटरला एक वेढा पुरे. त्याहून जास्त दिलात तर धागा स्वतःभोवतीच गुंडाळला जातो.

कोरं सूत पाणी पीत नाही, त्यात कपाशीचं मेण असतं. त्याचा रुमाल केलात तर ताटावरचं पाणी पुसलंच जाणार नाही. म्हणून विणण्याआधी सूत उकळायचं. कोनावर असताना नाही, खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करायची आणि ती चार ठिकाणी सैल बांधायची. घट्ट बांधली की त्या जागी सूत कोरंच राहतं आणि पुढे रंगाचा डाग पडतो. १०० ग्रॅम सुताला ३ ग्रॅम धुण्याचा सोडा, चमचाभर साबणाचा चुरा आणि सूत पूर्ण बुडेल इतकं पाणी घेऊन तासभर मंद उकळा. पाणी चहासारखं पिवळं होतं, म्हणजे काम होतंय. स्वच्छ पाण्यात खळबळून लड सावलीत टांगा आणि खालच्या टोकाला पाण्याने भरलेला तांब्या अडकवा, म्हणजे पदर सरळ वाळतात. सूत आटतं ते याच वेळी, त्यामुळे विणलेली वस्तू नंतर आखडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हे काम काढू नये. लड दोन दिवस ओली राहते आणि तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात.

रंगासाठी घरात आधी हळदीचा डबा उघडला जातो, आणि सांगलीत तो उघडणारच. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सुतावर तिचा रंग टिकाऊ नाही. उन्हात तो उडतो आणि साबण लागला की लाल पडतो, कारण सोड्याने हळद लाल होते. मुलांना ही गंमत एकदा दाखवावी, रुमालाला वापरू नये. आटपाडीकडच्या डाळिंबाची वाळलेली साल जास्त भरवशाची. १०० ग्रॅम सुताला ५० ग्रॅम साल पाऊण तास उकळून गाळा, त्यात लड आणखी पाऊण तास ठेवा, मग १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यातून काढा. मोहरीच्या छटेचा पिवळा येतो. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी कढईत हाच रंग राखाडी होतो. तोही वाईट दिसत नाही, पण ठरवून आलेला बरा.

पहिली वस्तू चौकोनी रुमालच असावी, २० सेंटिमीटरचा. ३० साखळ्या, वळायला एक जादा, आणि मग ओळीमागून ओळ मुका खांब, म्हणजे सिंगल क्रोशे हा साधा बुटका टाका. साधारण ४० ग्रॅम सूत लागतं. नवख्याच्या हातून चौकोनाचा हमखास त्रिकोण होतो, कारण ओळीच्या टोकाचा शेवटचा टाका सुटतो. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि पाच ओळींनी एकदा मोजा. पूर्वी असे रुमाल टीव्हीवर पडायचे. टीव्ही भिंतीवर गेला तसे ते पाण्याच्या माठावर आणि डब्यांवर आले, आणि तिथे सुती असल्याचा खरा उपयोग होतो.

अ‍ॅक्रिलिकला अगदीच मोडीत काढू नये. पहिले आठ दिवस हात बसवायला फिक्या रंगाचा एखादा गुंडा चांगला, उसवून पुन्हा विणला तरी तक्रार करत नाही. इस्त्री मात्र लावायची नाही, वितळतं. गुंडा खरंच लोकरीचा आहे का, हे पाहायला वीतभर धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर, कडक मणी उरला तर अ‍ॅक्रिलिक.

जत-आटपाडीकडच्या दख्खनी मेंढीची काळी, हातकताईची लोकर मिळाली तर कानटोपी करायच्या फंदात पडू नका, ती टोचते. सहा मिमीच्या सुईवर तिचं देवघरातलं आसन मात्र असं होतं की सूत आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही मागे पडतात. ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि वरचेवर ऊन दाखवा, नाहीतर पावसाळ्यात कसर लागते. कोनाच्या सुताला ती भीती नाही. ते फक्त जमिनीपासून उंच, कोरड्या जागी आणि उभंच ठेवा. आडवं पडलं की खालचे वेढे घसरतात, आणि मग कोन सोडवायलाच सगळं घर बसतं.