रिलोकेशन एजन्सीचं स्पाउस पॅकेज, जर्मनी : ५ पैकी अडीच स्टार

आम्हाला जर्मनीत येऊन बस्तान बसवायला मदत करणाऱ्या एजन्सीची फीडबॅकची मेल नवऱ्याला आली. ‘तुमच्या डिपेंडंटचा अनुभव कसा होता?’ असं विचारलंय आणि खाली पाच चेहरे दिलेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, एकावर क्लिक करा म्हणे. त्याने ती मला फॉरवर्ड केली आणि वर लिहिलं, तूच दे काय द्यायचं ते. तर डिपेंडंट बाई आता सविस्तर देतायत, कारण त्या पाचांत माझा नऊ महिन्यांचा चेहरा काही सापडला नाही.

एजन्सीचं नाव लिहीत नाहीये. ज्यांना असं पॅकेज घ्यायचंय त्यांना नावापेक्षा त्यात काय मिळतं आणि काय नाही हे कळलेलं बरं.

नवरा इथे जर्मनीत ब्लू कार्डवर आहे, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परमिटवर, मी फेब्रुवारीत फॅमिली रियुनियनच्या डी व्हिसावर, म्हणजे जास्त मुदतीच्या व्हिसावर आले. नवरा ब्लू कार्डवर असला की बायकोला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे उतरले तेव्हा मला डांके (थँक यू) आणि चूस (बाय) एवढंच येत होतं. त्याच्या कंपनीने त्याच्यासाठी जी एजन्सी लावली होती तिचंच हे अ‍ॅड-ऑन, पण याचे पैसे कंपनी देत नाही, आम्ही खिशातून ६९० युरो भरले. त्यात आनमेल्डुंगला सोबत माणूस, रेसिडेन्स परमिटचा अर्ज भरून देणं, एबीएचचं टर्मिन मिळवणं आणि ‘सेटलिंग-इन सपोर्ट’. एबीएच म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे, परदेशी लोकांचं ऑफिस, तुम्ही व्हिसावर देशात आलात तरी पुढे राहायचं कार्ड हे ऑफिस देतं. टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट, पण इथे राहणारं मराठी माणूस अपॉइंटमेंट कधी म्हणत नाही, ‘टर्मिन लागलं का’ असंच विचारतात, लॉटरी लागली का विचारावं तसं.

चांगलं आधी सांगते. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, राहायला आल्यापासून १४ दिवसांत करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो, नुसतं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट दाखवून भागत नाही. एजन्सीच्या बाईंनी तो कागद मी यायच्या आधीच मालकाकडून मागवून ठेवला होता. नवव्या दिवशी आम्ही तिघं ऑफिसात. क्लार्कने माझा पासपोर्ट बघितला, लग्नाचं सर्टिफिकेट बघितलं, परत पासपोर्ट बघितला. पासपोर्टवर माझं नाव, मग वडिलांचं नाव, मग माझं आडनाव, आणि नवऱ्याचं आडनाव कुठेच नाही, त्याला वाटलं काहीतरी चुकलंय. बाईंनी त्याला शांतपणे पाच मिनिटं समजावलं की हिने लग्नानंतर नाव बदललेलं नाही, मधलं नाव वडिलांचं आहे, तो आडनावाचा भाग नाही, जन्माचं आडनाव आणि आत्ताचं आडनाव दोन्ही एकच लिहा. त्याने तसं लिहिलं, अर्ध्या तासात कागद हातात. मी एकटी गेले असते तर वडिलांचं नाव आडनावात घुसलं असतं आणि मग तिथून ते प्रत्येक कार्डावर गेलं असतं. असं झालेली एक मुलगी मला नंतर कोर्सला भेटली, तिचं बँकेचं कार्ड एका नावाने आणि इन्शुरन्सचं दुसऱ्याच. त्या एका सकाळचे दोन स्टार मी आनंदाने देते.

रेसिडेन्स परमिटचा अर्जही त्यांनी नीट भरला. पासपोर्ट, फोटो, आनमेल्डुंगचा कागद, लग्नाचं सर्टिफिकेट, हेल्थ इन्शुरन्सचं पत्र, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, सगळं स्कॅन करून मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन पाठवलं, पोचपावतीची मेल आली आणि बाई म्हणाल्या आता फक्त वाट बघायची.

इथपर्यंत सर्व्हिस झाली. इथून पुढे ‘सपोर्ट’ सुरू होतो.

जर्मनीत सगळं पोस्टाने येतं हे मी ऐकून होते पण म्हणजे सगळं हे नव्हतं माहीत. आनमेल्डुंग झाली की काही आठवड्यांत टॅक्स आयडी येतो, ११ आकडी नंबर, तो फक्त पत्राने येतो, फोनवर नाही सांगत, मेलवर नाही पाठवत. माझा आलाच नाही. नवऱ्याला त्याचा टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा गट, बदलायचा होता, त्या फॉर्मवर माझाही नंबर लागतो, म्हणून ते अडकलं. एजन्सीला विचारलं, उत्तर आलं, आणखी चार आठवडे थांबा. चार आठवड्यांनी परत विचारलं तर तेच उत्तर, मला वाटतं तीच मेल, फक्त तारीख बदललेली. आणि दोन्ही उत्तरं नवऱ्याच्या आयडीवर, मी सीसीमध्ये, प्रश्न मी विचारलेला असून. रोज अकराच्या सुमारास मी खाली जाऊन लेटरबॉक्स उघडायचे, पिझ्झाची पत्रकं असायची, फर्निचरच्या सेलचं असायचं, माझ्या नावाचं काही नाही. इन्शुरन्सचं कार्ड तेवढं आलं, त्यामुळे पोस्टावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. मोडकंतोडकं बोलत होतो, त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, तर त्यांनी मला हाताला धरून लेटरबॉक्सकडे नेलं आणि त्यावरच्या नावाच्या पट्टीवर बोट ठेवलं. नवऱ्याचं आडनाव. फक्त नवऱ्याचं. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो हो. रस्ता, बिल्डिंगचा नंबर आणि नाव, बस, पोस्टमन नाव वाचून टाकतो, आणि ते नाव बॉक्सवर नसेल तर पत्र परत जातं. इन्शुरन्सचं कार्ड आलं होतं कारण त्या पाकिटावर नवऱ्याचं नाव होतं, मी त्याच्या पॉलिसीत फॅमिली म्हणून आहे ना!

आणि नुसता टॅक्स आयडी नव्हता गेला. एबीएचने मार्चच्या शेवटी एक पत्र पाठवलं होतं, लग्नाच्या सर्टिफिकेटचं भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून करून जोडा म्हणून. ते परत गेलं. आता ऑफिसच्या बाजूने विचार करा, अर्जदार बाईला तिच्याच पत्त्यावर पत्र पाठवलं तर ती तिथे नाहीच असा शिक्का मारून परत येतं, मग फाईल बाजूला पडणारच ना. तेवढे दिवस माझी फाईल अशी पडून होती आणि मी इकडे देशाच्या कारभाराला शिव्या घालत होते.

एजन्सीची चेकलिस्ट आहे, ४२ मुद्द्यांची. कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा ते आहे, रविवारी ड्रिल मशीन चालवू नका हे आहे, सायकलला लाईट लावा हेही आहे. लेटरबॉक्सवर बायकोच्या नावाची पट्टी लावा हे नाहीये. ज्या बाईंनी क्लार्कला पाच मिनिटं बसून समजावलं की हिचं आडनाव वेगळं आहे, त्याच बाई त्याच दिवशी आमच्या घरी कॉफी प्यायला आल्या होत्या, त्याच लेटरबॉक्ससमोरून. मी विचारलं तर म्हणाल्या, हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना म्हणजे नक्की कुणाला?

पट्टी लावल्यावर माझ्या नावाने पहिलं पत्र काय आलं असेल? रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिना १८.३६ युरो भरा. आमच्याकडे टीव्ही नाही, पण ती वर्गणी टीव्ही असो नसो द्यावीच लागते, फक्त ती घरामागे एक असते, माणसामागे नाही, त्यामुळे नवरा भरतोय म्हणून त्याचा नंबर कळवला की आपलं मिटतं. हे मी स्वतः शोधून स्वतः उत्तर दिलं, जर्मनमध्ये, चार ओळी. खरं सांगू का, त्या दिवशी मला बरं वाटलं. वसुलीचं का होईना, पत्र माझ्या नावाने आलं होतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागलीये ती. मे महिन्यात एका ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, त्यांना मी आवडले, त्यांनी विचारलं वर्क परमिट आहे ना? मी एजन्सीला विचारलं. उत्तर, कार्ड येईपर्यंत थांबलेलं चांगलं. मी इंटरव्ह्यूवाल्यांना तसं कळवलं, त्यांनी दुसरं कुणीतरी घेतलं. जुलैत कोर्समधल्या एकीने माझा व्हिसा बघायला मागितला आणि त्यावर छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं, एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट, म्हणजे काम करायला परवानगी आहे. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, वेगळं परमिट नको, कार्डाची वाट बघायला नको, आणि ते माझ्याच पासपोर्टात, माझ्याच ड्रॉवरमध्ये फेब्रुवारीपासून लिहिलेलं होतं. माझी चूक आहेच, आपल्या पासपोर्टातलं आपण वाचायला हवं, पण मग ६९० युरो कशाचे? बाईंना फोन केला तर म्हणाल्या की आम्ही सावध सल्ला देतो. त्यांचा सावधपणा, माझा पगार.

(कोर्सचं म्हणाल तर तो फोल्क्सहोखशूल म्हणजे इथल्या प्रौढांच्या शाळेतला साधा ए-वनचा कोर्स, मी स्वतःच्या पैशाने लावला. सरकारी इंटिग्रेशन कोर्सचं पत्र कार्डासोबत हाती पडतं, भाषेचे ६०० तास असतात त्यात, पण त्यासाठी थांबले असते तर आजही आजींशी हातवारे करत बोलत असते.)

ऑगस्टमध्ये व्हिसा संपत होता आणि टर्मिन काही लागत नव्हतं. इथे मी खरी घाबरले. व्हिसा संपायच्या आत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत आपलं राहणं कायदेशीरच असतं, आणि त्याचा पुरावा म्हणून फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मिळतो, फी १३ युरो, सगळे त्याला नुसतं फिक्शन म्हणतात आणि नऊ महिन्यांत ऐकलेल्या शब्दांत हाच मला सगळ्यात चपखल वाटला. एजन्सीने तो जुलैच्या शेवटी मिळवून दिला, वेळेत दिला, याचा अर्धा स्टार. पण सप्टेंबरात भावाचं लग्न होतं म्हणून विचारलं की या कागदावर मी भारतात जाऊन परत येऊ शकते का, तर उत्तर काय, प्रवास टाळावा. का टाळावा, कायद्याने बंद आहे की तुम्हाला माहीत नाही म्हणून? नऊ दिवस उत्तर नाही. शेवटी मी डिक्शनरी घेऊन बसले. त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर चौकटी असतात आणि कुठल्या चौकटीवर खूण आहे त्यावर सगळं ठरतं. रेसिडेन्स कायद्याचं कलम ८१, त्यातलं पोटकलम ४ असेल तर जुना व्हिसा जसाच्या तसा पुढे चालू धरतात, काम करता येतं, बाहेर जाऊन परत येता येतं, पासपोर्ट, संपलेला व्हिसा आणि हा कागद तिन्ही एकत्र दाखवायचं. पोटकलम ३ वर खूण असेल तर मात्र बाहेर गेलात की त्या कागदावर परत येता येत नाही. माझं ४ होतं, डी व्हिसावरून पुढे अर्ज केला की तेच असतं. खात्रीसाठी एबीएचला स्वतः मेल टाकली, जर्मनमध्ये, तीन दिवसांत एका ओळीचं उत्तर आलं, हो, चालेल. विमानतळावर चेक-इनच्या मुलीने तो कागद असा उलटसुलट करून बघितला जणू मीच घरी छापून आणलाय, कुणालातरी बोलावलं, दहा मिनिटं गेली, पण सोडलं. तुम्ही जाणार असाल तर तासभर आधी पोचा आणि एबीएचची ती मेल प्रिंट काढून ठेवा.

बाकीचं पटकन सांगते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला टर्मिन, बोटांचे ठसे, १०० युरो फी, कार्ड बर्लिनला बुंडेसड्रुकराई म्हणजे सरकारी छापखान्यात छापून येतं, सहा आठवडे लागले, नोव्हेंबरात हातात आलं. नवऱ्याचं कार्ड तीन वर्षं पुढचं आणि माझ्या कार्डावर जेमतेम सव्वा वर्ष, कारण माझा पासपोर्टच तेव्हा संपतो आणि कार्डाची तारीख पासपोर्टच्या पुढे जात नाही. हेही ४२ मुद्द्यांत नव्हतं, नाहीतर पासपोर्ट मी निघायच्या आधीच नवा केला असता आणि आता एवढ्यात परत त्याच रांगेत उभं राहायला लागलं नसतं.

तर घ्यावं का पॅकेज? ऑफिसचा वेग एजन्सीच्या हातात नाही, हे मला मान्य आहे आणि त्याचे मी स्टार कापलेले नाहीत. टर्मिन लवकर मिळेल म्हणून पैसे भरत असाल तर भरू नका. नवऱ्याला किंवा तुम्हाला बी-वन म्हणजे मधल्या पातळीएवढं जर्मन येत असेल तर आजिबात नको. दोघांनाही येत नसेल तर नुसतं आनमेल्डुंगला सोबत येण्याचे पैसे किती ते विचारा, ते सुटं मिळतं, आम्हाला नंतर कळलं, आणि त्या बाई त्या कामात खरंच चांगल्या आहेत. आणि पहिल्याच दिवशी सांगा की मेल मला करा, नवऱ्याला सीसीमध्ये ठेवा.

माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात येतेय, तिनेही आडनाव बदललेलं नाहीये. तिच्या नवऱ्याला मी काल फोन करून सांगितलं की बाकी काही करू नकोस, आत्ता खाली जा आणि पट्टी लाव, बेलवर पण. तो म्हणाला ती आल्यावर लावतो की. मी फोन चालूच ठेवला.