नवी पेठेतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान : वायफाय तुटायचं थांबलं, रेटिंगमधला अर्धा तारा कापला तो जिन्याचा

आधी पत्ता. सोलापुरात, नवी पेठेत, कापडाच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर आपण खालीच थांबायचं. बोर्डावर अजूनही ‘टाईपरायटर व कॅल्क्युलेटर दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय, लॅपटॉपचं नाव नाही. दुकानाचं नाव आणि फोन नंबर इथे टाकू का, असं मी विचारलं तर दुकानवाले काका म्हणाले, “नको अक्का, आहे तेवढंच झेपंना.” म्हणून टाकत नाही. बोर्ड सांगितलाय, सापडेल.

मी जुळे सोलापुरात राहते. घरी बसून बावीस-तेवीस छोट्या दुकानदारांचं जीएसटीचं काम बघते. विक्रीचं विवरण भरायच्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या ११ तारखेला, तिमाहीवाल्यांचं १३ तारखेला आणि मग ३बी (कर भरायचं विवरण) साठी २० तारखेला माझ्या लॅपटॉपचं वायफाय तुटलं तर काय होतं, हे त्या कामातल्याच माणसाला कळेल. दुकानदाराला फोन करून ओटीपी मागवायचा, त्याने गिऱ्हाईक सोडून तो वाचून दाखवायचा, मी टाकेपर्यंत कोपऱ्यातला वायफायचा पंखा गायब आणि तिथे पृथ्वीचा गोळा. अर्ध्या मिनिटाने परत येणार. परत लॉगिन, परत ओटीपी. एका टॉवेलवाल्याने तर तिसऱ्या वेळी सांगितलं, “मॅडम, तुमीच येऊन बसा की दुकानात.”

हे दिवाळीनंतर सुरू झालं. गंमत अशी, की संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर मालिका लावली तर एकदाही तुटायचं नाही. कामाला बसले की तुटणार. घरात यावर पुष्कळ हसून झालं. यजमान म्हणाले, लॅपटॉपलाही कामाचा कंटाळा आलाय.

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे घरातला फुकटचा सल्लागार. त्याने फोनवरून सगळं करून घेतलं. राउटर बंद-चालू. ड्रायव्हर काढून परत टाकणं. नेटवर्क रिसेट, ज्याने सगळे साठवलेले पासवर्ड गेले आणि मी राउटर उलटा करून खालचं स्टिकर चष्म्याशिवाय वाचत बसले. मग म्हणाला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, त्यातली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी टिक काढ. माझ्याकडे तो टॅबच नव्हता. वीस मिनिटं आम्ही ‘आहे गं’, ‘नाही रे’ केलं. (काकांनी नंतर सांगितलं, बऱ्याच नव्या लॅपटॉपात तो दिसतच नाही, झोपायची पद्धत बदललीय त्यांची. पोरगा चुकला नव्हता, मीही नव्हते.)

मग मी एका मोठ्या, काचेच्या दारांच्या, एसी लावलेल्या दुकानात गेले. नाव घेत नाही. तिथल्या मुलाने लॅपटॉपला हातही न लावता “मॅम, राउटर जुना झाला” म्हटलं. २,६०० रुपयांचा नवा राउटर. चार दिवसांनी परत गेले तर “फॉरमॅट मारावं लागेल”, त्याचे ५००. दोन्ही करून झालं, तुटणं तसंच.

नवी पेठेतल्या काकांकडे मला आमच्याच एका गिऱ्हाइकाने पाठवलं. मी ८ जानेवारीला गेले. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर भिंग लावलेला दिवा, भिंतीला उघडे लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे केलेले, आणि कोपऱ्यात एक खराखुरा मराठी टाईपरायटर. काका हाताखालच्या पोराशी तेलुगूत बोलतात, फोन आला की कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत. सोलापूरबाहेरच्यांना याचं नवल वाटेल, आपल्याला नाही.

मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी मान वर न करता विचारलं, “अक्का, नेट जातंय का वायफाय जातंय?”

मी म्हटलं, एकच ना ते?

“एक कसं? राउटरपर्यंतचा रस्ता वेगळा, राउटरच्या पुढचा वेगळा. कुठला खचलाय ते बघायला नको?”

आणि लॅपटॉप ठेवून न घेता त्यांनी मला गृहपाठ दिला. एक रुपया घेतला नाही. दोन काळ्या खिडक्या, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, शेजारी-शेजारी उघडायच्या. पहिलीत पिंग (समोरून उत्तर येतंय का, किती वेळात, ते बघणारी आज्ञा), जागा सोडून घरच्या राउटरचा पत्ता (माझा १९२.१६८.१.१), जागा सोडून डॅश आणि टी. दुसरीत तेच, फक्त पत्ता ८.८.८.८, तो गुगलचा बाहेरचा. दोन्ही दिवसभर चालू ठेवायच्या. दुसरीच अडखळली आणि पहिली नीट चालली, तर दोष बाहेरच्या लाइनचा, कंपनीला फोन करा. दोन्ही एकदम बंद पडल्या, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधलं भांडण. तुटलं की वहीत वेळ लिहायची, आणि शेजारी ‘त्या वेळी टेबलावर काय काय चालू होतं’ तेही.

हे शेवटचं मला खुळचट वाटलं होतं. तरी लिहिलं, कारण वहीत लिहिणं हाच माझा धंदा.

तीन दिवसांत १४ वेळा तुटलं. चौदाही वेळा दोन्ही खिडक्या एकदम. आणि ‘टेबलावर काय’ या रकान्यात १४ पैकी १३ वेळा एक गोष्ट होती, जी मी प्रत्येक वेळी मुकाट लिहीत गेले आणि एकदाही वाचली नाही. हार्ड डिस्क. गिऱ्हाइकांचा टॅलीचा सगळा डेटा मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवते. काम करताना ती लावलेली असते, मालिका बघताना नसते.

१२ तारखेला परत गेले. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस, दुसऱ्या दिवशी नंदीध्वज निघणार, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, आणि त्याच १३ तारखेला माझे तिमाहीवाले. स्कूटर लांब लावून गर्दीतून चालत जावं लागलं. काकांनी वही उघडली, रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “डिस्क आणलीय?” आणली नव्हती. परत घरी. (हे कोणाला होऊ नये म्हणून लिहितेय.)

डिस्क घेऊन आल्यावर त्यांनी जे दाखवलं त्यासाठी मी तिकीट काढलं असतं. लॅपटॉप त्यांच्या राउटरला जोडला, पिंग सुरू. तीन, चार, तीन, पाच मिलिसेकंद. डिस्क निळ्या पोर्टात लावली, एक मोठी फाइल कॉपीला टाकली. दोनशे. सातशे. मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ची रांग. डिस्क काढली, परत तीन, चार. काळ्या पोर्टात लावली तर फाइल रडतखडत गेली, पण पिंग हललं नाही.

कारण त्यांनी असं सांगितलं. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून सेकंदाला ५ गीगाबिट या वेगाने डेटा धावतो आणि तो धावताना रेडिओसारखा गोंगाट बाहेर पडतो. तो गोंगाट नेमका २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, जिथे आपलं जुनं वायफाय बोलतं. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलल्यासारखं. ही काकांची कल्पना नाही. मी घरी येऊन शोधलं, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद काढलाय. म्हणजे १३-१४ वर्षं माहीत असलेली गोष्ट, आणि काचेच्या दुकानात मला राउटर विकला.

मी पर्स उघडली. काळा पोर्ट वापरेन, झालं काम. काका म्हणाले, “थांबा की. अशी डिस्क शंभर लोक लावतेत, सगळ्यांचं तुटत नाही. तुमचंच का तुटतंय?”

आणि विचारलं, दिवाळीत या लॅपटॉपला काय केलं होतं.

बॅटरी बदलली होती! फुगली होती म्हणून, त्याच काचेच्या दुकानात. मी हे विसरूनच गेले होते. बॅटरीचा आणि वायफायचा काय संबंध?

पोराने मागचं झाकण उघडलं. आत बोटाच्या पेराएवढं वायफायचं कार्ड, त्यावर दोन बारीक वायरी यायला हव्यात, एक काळी, एक पांढरी. त्या बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला जातात, तिथे अँटेना असतो. पांढरी जागेवर होती. काळी निघून शेजारी पडली होती, टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान गोल टोपी. बॅटरी बदलताना हात लागून सुटली असणार आणि झाकण तसंच लावलं गेलं. दोन कानांपैकी एका कानाने माझा लॅपटॉप तीन महिने ऐकत होता. घराच्या मागच्या खोलीत, मध्ये लोखंडी कपाट, तिथे राउटरचा दुसरा, ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल त्या एका कानाला पुरत नव्हता म्हणून तो २.४ वर उतरत होता. आणि तिथे डिस्कचा बँड वाजत होता.

पोराने चिमट्याने टोपी जागेवर धरली, वरून दाबली. टिक् असा आवाज आला. बस्स. वर एक चिकटपट्टी लावली, म्हणजे परत हलू नये. त्याच टेबलावर विंडोजमध्ये सिग्नल ५२ टक्के दाखवत होता तो ८९ झाला. बिजागरीत वायर घासून तुटलीय का तेही पडदा दहा-बारा वेळा उघड-मीट करून पिंग चालू ठेवून बघितलं. “आता एक तास चालू ऱ्हाऊ दे, तुम्ही फिरून या.” मी खाली जाऊन शेंगा चटणी घेतली, पुण्याला पाठवायची होती. तासाने आले तर एकही टाइमआउट नाही, डिस्क निळ्या पोर्टात लावूनसुद्धा.

पैसे ३००. मी म्हटलं, एवढेच? तर म्हणाले, “वायर तुमची, कार्ड तुमचं, वही तुमची.”

जाताना राउटरबद्दल कागदाच्या चिठोऱ्यावर तीन गोष्टी लिहून दिल्या, त्या मुलाकडून फोनवर करून घेतल्या. २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या, म्हणजे लॅपटॉप कुठल्या फांदीवर बसलाय ते दिसेल. २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा असेल तो, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आमच्या गल्लीत मला १७ वायफाय दिसतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, तेव्हा मोकळा हा शब्द जरा सैलच घ्यायचा. आणि ५ चा चॅनल ३६ वर ठेवा, ऑटो नको. मधले काही चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात, रडारसारखं काही कानावर आलं की राउटर मुकाट जागा सोडतो आणि आपलं कनेक्शन तुटतं. सोलापुरात तर ढगांच्या अभ्यासासाठी हवामानाचं रडारच बसवलंय. माझ्या त्रासाशी त्याचा संबंध नव्हता, पण ऐकून मला उगाच शहराचा अभिमान वाटला.

आता तक्रारी. जिना, तो सांगितला. गुडघे दुखणाऱ्यांनी, फोन नंबर इथे दिला नसल्यामुळे, खालून हाक मारावी, पोरगं उतरतं. बसायला एकच स्टूल. यूपीआय चालतं, पण कार्ड नाही. बिल हाताने लिहिलेलं, पावतीपुस्तकातलं. जीएसटीचं काम करणारी बाई मी, सवयीने नंबर शोधला, तो नव्हता. वर्षाला २० लाखांच्या आत सेवा असेल तर नोंदणी लागत नाही, त्यामुळे काही चूक नाही त्यांची, पण ज्यांना कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतात त्यांना अडेल. आणि काका घाई करत नाहीत. ‘आत्ताच्या आत्ता द्या’ म्हणणाऱ्या एका मुलाला त्यांनी माझ्यासमोर परत पाठवलं, “मालक, मग दुसरीकडं बघा.” मला आवडलं, त्याला नसेल आवडलं. मराठी-तेलुगूत बोला, इंग्रजीत लक्षणं सांगू नका, ते तिकडे लक्ष देत नाहीत.

आता मार्च संपत आलाय. या अडीच महिन्यांत दोनदाच तुटलं, दोन्ही वेळा दुसरी खिडकीच थांबली होती, म्हणजे लाइन गेलेली. कंपनीला फोन केला तेव्हा मी तसंच सांगितलं, राउटरपर्यंत ठीक आहे, तुमच्या पुढे बघा. पलीकडचा मुलगा दोन सेकंद गप्प झाला आणि ‘राउटर रिस्टार्ट करा’ न म्हणता सरळ तक्रार नोंदवली.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, त्याआधी ऊन जिन्यावर येतं. चार्जर न्या, आणि घरी लॅपटॉपला जे जे लावता ते सगळं पिशवीत घाला: डिस्क, माउसचं बटणाएवढं रिसीव्हर, प्रिंटरची वायरसुद्धा. शेवटचं दुरुस्तीला कधी आणि कशासाठी दिलं होतं ते आठवून जा. काचेच्या दुकानातून घेतलेला राउटर माझ्याकडे चांगला चालतोय, जुना कपाटावर पडलाय. काकांना विचारलं, विकत घेता का. म्हणाले, “ठेवा, तो बी चांगलाच हाय.”