१०×५० ची दुर्बीण: ऑक्टोबर ते मे

आकाश बघायला पहिलं काय घ्यावं, असं कुणा विद्यार्थ्यानं विचारलं तर मी आता बेधडक १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) सांगते. पाऊस उघडल्यावर, २०२४ च्या ऑक्टोबरात मी घेतली. सहा-सात हजारांत बसली. पुण्यात हॉस्टेलच्या गच्चीवरून आणि सुट्टीत माण तालुक्यातल्या घरच्या अंगणातून भरपूर वापरली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी माझं आकाश मोबाइलमध्ये होतं. नासाचं ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ १६ जून १९९५ पासून रोज एक चित्र देतंय आणि अकरावीपासून माझा दिवस त्यानंच सुरू होतो. दुर्बिणीकडून अपेक्षा असणार त्या तिथल्याच. म्हणून आधी रंगांबद्दल.

मृगाच्या पोटातल्या बाणाखाली जो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग, आहे, तो फोटोत गुलाबी-जांभळा असतो. दुर्बिणीतून तो राखाडी दिसतो, पाटीवर पुसट राहिलेल्या खडूसारखा. यात दुर्बिणीचा दोष काहीच नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ थांबतात, आणि हायड्रोजनचा तो लाल प्रकाश उरलेल्या पेशींना फारसा जाणवत नाही. कॅमेरा मिनिटं-तास प्रकाश साठवत बसतो, डोळ्याला ती सोय नाही. गरुड तेजोमेघातल्या त्या प्रसिद्ध खांबांचं हबल अवकाश दुर्बिणीनं १९९५ साली घेतलेलं चित्र तर मुद्दाम रंगवलेलं आहे: गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. कुठे कोणता वायू आहे हे कळावं म्हणून. हे समजल्यापासून मला ती चित्रं जास्तच आवडायला लागली, कारण आता मी ती नकाशासारखी वाचते.

आता दुर्बिणीबद्दल. १० म्हणजे दहापट मोठं आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते, त्या हिशेबानं हे भिंग डोळ्याच्या पन्नासेकपट प्रकाश गोळा करतं. पण मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते तिचं रुंद दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा. माझ्या दुर्बिणीत साडेसहा अंश मावतात, म्हणजे तेरा पूर्णचंद्र ओळीनं. कृत्तिका पूर्ण मावतात, आणि भोवती काळं आकाशही उरतं. देवयानीतली दीर्घिका (गॅलेक्सी) गावाकडे लांबट धुरकट पट्ट्यासारखी दिसली. तिचा फक्त मधला भाग दिसतो. फोटोतले बाहू डोळ्याला सापडत नाहीत. तरी २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश थेट आपल्या डोळ्यात उतरतोय, हे अंगणात उभं राहून कळतं तेव्हा बोलायला सुचत नाही.

डिसेंबरात गुरू रोहिणीच्या जवळ होता. कोपर कठड्यावर टेकवले की त्याचे चंद्र ठिपक्यांसारखे एका रेषेत दिसतात. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत बघितलेले हेच. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात, आणि ते पुण्याच्या उजेडातूनही दिसतं. मार्चच्या सुरुवातीला शुक्राची कोर दिसली, सूर्य पूर्ण मावळल्यावर बघितलेली. (सूर्याच्या आसपास दुर्बीण चुकूनही नेऊ नका, डोळा कायमचा जातो.)

सर्वांत सुंदर रात्री मेच्या पहिल्या आठवड्यातल्या. मंगळ पुष्य नक्षत्रातल्या तारकागुच्छातून जात होता. नारिंगी मंगळ आणि शेजारी ताऱ्यांचा बारीक चुरा, दोन्ही एकाच दृष्टिक्षेत्रात. हा गुच्छ दीड अंशाएवढा पसरलेला आहे; बऱ्याच टेलिस्कोपांत तो पुरता मावतच नाही. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, “अगं, उद्या हा कुठं असंल?” दुसऱ्या रात्री ते माझ्याआधी अंगणात. फोटो बघताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तक्रारीही आहेत. पाऊण किलोच्या वरचं वजन हातात फार वेळ पेलत नाही आणि दहापट मोठं दिसताना हाताचा कंपही दहापट दिसतो. ट्रायपॉडला जोडायचा अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागला; तो पहिल्याच दिवशी घ्या. कडेचे तारे थोडे फाटतात. शनीची कडी दिसत नाहीत, त्या आशेनं घेऊ नका. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप दुमडा. घेताना दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा: मागच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके पूर्ण गोल हवेत, कडा चौकोनी कापलेल्या नकोत. एकच तारा दोन दिसला तर ती परत करा, आतली प्रकाश वळवणारी काचेची प्रिझमं हललेली असतात.

एकटीनं आकाश ओळखणं जमत नसेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आकाशप्रेमींची संस्था आहे, १९४४ पासूनची. अनुभवी निरीक्षकाशेजारी काढलेला एक तास पुष्कळ दिवस पुरतो. आणि अंधाराला वेळ द्या. वीस-तीस मिनिटं मोबाइल खिशात, उजेड लागलाच तर लाल. अंधुक गोष्टीकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा, ती जास्त स्पष्ट होते.

मग पावसाळा आला. भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून दुर्बीण ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, साधारण ११ ते १२.२२ पर्यंत पूर्ण लाल चंद्र. हा रंग दुर्बिणीतून नक्की दिसतो, तेव्हा असं ग्रहण असेल तर ढग नसतील तिथे जायची तयारी ठेवा.