लकी ड्रॉच्या तीन बरण्या आणि बुडालेले हप्ते

सोलापूरच्या पूर्वभागात लकी ड्रॉची कार्डं पुन्हा फिरू लागली आहेत. कन्ना चौकापासून विडी घरकुलापर्यंत ओळखीच्या चार-पाच घरांत मी ती पाहिली. योजनेचं नाव बदललंय, कार्डाचा रंग बदललाय, मागच्या बाजूचे नियम मात्र शब्दशः तेच आहेत. त्याच नियमांखाली आमच्या घरातले २१,००० रुपये गेले आणि शेजारच्या अक्कांच्या कानातली फुलं गहाण पडली ती पडलीच. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. मी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे हिशेब बराच येईल. तो वगळून पुढं जाऊ नका, कारण फसवणूक हिशेबातच होती.

योजना गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सुरू झाली. होम मैदानाच्या गर्दीत नावं-पत्ते गोळा झाले आणि संक्रांत उलटल्यावर एजंट घरोघरी आला. महिना ५०० रुपये, २० महिने. दर महिन्याला सगळ्यांसमोर ड्रॉ. ज्याचा नंबर निघेल त्याला ५०,००० रुपयांचा सोन्याचा दागिना आणि पुढचे हप्ते माफ. शेवटपर्यंत नंबर लागला नाही तर १०,००० रुपयांची वस्तू: कपाट, कूलर, काय हवं ते. ग्रुप फक्त ३०० जणांचा. आईनं एक नंबर घेतला, वहिनीनं एक घेतला. गल्लीत विडी वळणाऱ्या बहुतेक बायकांनी घेतला.

एजंटचं एक वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं. "मावशी, दर महिन्याला एक माणूस बाहेर पडतंय. राहिलेल्यांचा चान्स वाढतच जातंय की. तुम्ही नुसतं टिकून राहा."

हे वाक्य बायकांना लगेच पटलं, कारण ते भिशीत खरं असतं. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं भिशी चालते. २० जणींची भिशी असेल तर पहिल्या महिन्यात तुमची चिठ्ठी निघण्याची शक्यता २० त १. जिची निघाली तिची चिठ्ठी डब्यात परत जात नाही. पुढच्या महिन्यात १९ त १, मग १८ त १, आणि शेवटच्या बाईची शक्यता पूर्ण १. गणितात अशा घटनांना परस्परावलंबी म्हणतात: आधी काय निघालं यावर पुढं काय निघेल ते ठरतं. भिशीचा प्रामाणिकपणा त्यातच आहे. तुमची चिठ्ठी नेमकी दुसऱ्या महिन्यात निघण्याची शक्यता काढून पाहा. पहिल्या महिन्यात न निघण्याची १९/२०, त्यानंतर दुसऱ्यात निघण्याची १/१९. गुणाकार पुन्हा १/२०. तिसऱ्या महिन्याचा, दहाव्या महिन्याचा हिशेब केला तरी तेच उत्तर येतं. कुणाला कोणता महिना मिळेल यात कुणाचंही पारडं जड नसतं, आणि पैसे प्रत्येकीला एकदा मिळतातच. बायकांना हे सूत्र लिहिता येत नसेल, पण अनुभवानं ते पक्कं माहीत आहे. एजंटनं नेमका तोच विश्वास उचलला आणि वेगळ्याच यंत्राला चिकटवला.

ते यंत्र असं होतं. टेबलावर तीन पारदर्शक बरण्या. प्रत्येकीत शून्य ते नऊ आकडे लिहिलेले दहा चेंडू. पहिली शतकाची, दुसरी दशकाची, तिसरी एककाची. जमलेल्यांतलंच एखादं लहान मूल पुढं बोलवायचं, त्याचे डोळे बांधायचे आणि प्रत्येक बरणीतून एक चेंडू काढायला लावायचा. चार, एक, सात निघाले तर नंबर ४१७. नंतर तिन्ही चेंडू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत परत बरण्यांत. टाळ्या वाजायच्या. आपलंच पोर चेंडू काढतंय म्हटल्यावर शंका कुणाला येणार?

आता हिशेब बघा. तीन बरण्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. या स्वतंत्र घटना. त्यांच्या शक्यतांचा गुणाकार होतो: १/१० गुणिले १/१० गुणिले १/१०, म्हणजे हजारात एक. ग्रुप ३०० जणांचा असला तरी बरण्यांतून हजार वेगवेगळे नंबर निघू शकतात. आईचा नंबर ४०० च्या पुढचा होता, वहिनीचा ८०० च्या पुढचा. ३०० जणांत असे नंबर आले कुठून, हा प्रश्न तिथंच विचारायला हवा. चेंडू परत टाकले जात असल्यामुळे या महिन्याच्या ड्रॉचा पुढच्या महिन्याच्या ड्रॉशीही संबंध उरत नाही. कुणी बाहेर पडो न पडो, तुमची शक्यता पहिल्या महिन्यात हजारात एक आणि विसाव्या महिन्यातही हजारात एकच. चान्स वाढतोय हे साफ खोटं होतं.

एजंटच्या बोलण्याप्रमाणे ३०० जणांतून एकेक जण बाहेर पडत गेला असता, तर २० ड्रॉमध्ये एका सभासदाला दागिना मिळण्याची शक्यता २०/३०० झाली असती, म्हणजे १५ त १. प्रत्यक्षात २० महिन्यांत एकदाही नंबर न लागण्याची शक्यता ०.९९९ चा विसावा घात, साधारण ९८ टक्के. नंबर लागण्याची उरली जेमतेम २ टक्के, ५० त १. आणि कुठल्याही महिन्यात विकलेला एकही नंबर न लागण्याची शक्यता होती ७०० ला १,००० नं भागून ७० टक्के. म्हणजे दहातल्या सात ड्रॉमध्ये दागिना योजनेच्याच खिशात. कार्डाच्या मागं बारीक अक्षरांत ते छापलंही होतं: वितरित न झालेला क्रमांक निघाल्यास बक्षीस योजनेकडे जमा राहील.

असा न विकलेला नंबर निघाला की एजंट माइकवरून सांगायचा, "हा अक्कलकोटच्या ग्रुपला लागला," किंवा "मंगळवेढ्याचे पाहुणे नशीबवान निघाले." लोकांना वाटायचं, तिथं कुणाला तरी मिळतंय. योजना बंद पडल्यावर गाळ्यात सापडलेल्या रजिस्टरमध्ये सगळी नावं सोलापूर शहरातलीच होती. अक्कलकोटला ग्रुपच नव्हता. चौदा ड्रॉ झाले, त्यांत दागिने निघाले चार. ७० टक्के वजा करून उरलेल्या ३० टक्क्यांचा हिशेब मांडला तर चौदांत अपेक्षा ४.२ ची येते. चेंडूंना हात लावायची त्यांना गरजच पडली नाही. सरळ चाललेल्या ड्रॉमधूनच हप्त्यांचे २० लाखांच्या आसपास जमले आणि वाटले गेले २ लाख.

हात लावणारेही जगात झालेत, तेही सांगून ठेवते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लॉटरीत अशाच तीन यंत्रांतून, दहा-दहा चेंडूंतून नंबर काढत. २४ एप्रिल १९८० ला टीव्हीवर सगळ्यांसमोर ६६६ निघाला. नंतर उघड झालं की ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत रंग भरून ते जड केले होते. त्यामुळं हजार नंबरांऐवजी आठच नंबर निघू शकत होते. यंत्र पारदर्शक होतं, तरी हे घडलं. म्हणून डोळ्यांसमोर चेंडू काढले, एवढ्यावर समाधान मानू नका.

सगळ्यात जास्त राग मला अकराव्या ड्रॉनंतर जे झालं त्याचा आहे. तोपर्यंत एककाच्या बरणीतून ७ एकदाही निघाला नव्हता. एजंट घरोघरी कागद घेऊन फिरला. अकरा महिन्यांचे आकडे त्यावर मांडलेले. "बघा अक्का, सात बाकी आहे. आता यायलाच पाहिजे की. सातवाले मोजकेच नंबर राहिलेत." अट अशी, की मधूनच नंबर घ्यायचा तर मागचे अकरा हप्ते एकदम भरायचे: ५,५०० रुपये. वहिनीनं दुसरा नंबर घेतला. शेजारच्या अक्कांनी कानातली फुलं सराफाकडं ठेवली आणि ७ नं संपणारा नंबर घेतला. हजार विड्या वळायला दिवस जातो त्या बाईचा. ५,५०० म्हणजे तिच्यासाठी काय रक्कम आहे, हे त्या एजंटला नीट ठाऊक होतं.

सात न येण्यात नवल काहीच नव्हतं. एका ड्रॉमध्ये तो न येण्याची शक्यता ९/१०. अकरा वेळा न येण्याची ०.९ चा अकरावा घात, म्हणजे ३१ टक्के. आणि एजंटनं सात आधीपासून निवडला नव्हता. अकरा ड्रॉनंतर जो आकडा राहिलेला दिसला तोच त्यानं उचलला. दहाच्या दहा आकडे अकरा ड्रॉमध्ये येऊन जाण्याची शक्यता हजारात अवघी दोन आहे. म्हणजे बोट ठेवायला एखादा तरी राहिलेला आकडा त्याला मिळणार, हे जवळपास ठरलेलंच होतं. चेंडूंना मागचं काही आठवत नाही. बाराव्या ड्रॉमध्येही सात येण्याची शक्यता दहात एकच होती, आणि अक्कांचा पूर्ण नंबर लागण्याची हजारात एकच.

या समजुतीनं मोठमोठे श्रीमंतही बुडाले आहेत. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता लाल यायलाच हवा म्हणत लोक दर फेरीला लालवर रक्कम वाढवत गेले आणि प्रचंड पैसा हरले. कॅसिनोला त्यात काही लबाडी करावी लागली नाही.

अक्कांच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट आहे, जी मला आजही सहन होत नाही. त्यांनी भरलेले ५,५०० रुपये हे होऊन गेलेल्या अकरा ड्रॉचे होते. त्या ड्रॉमध्ये त्यांना काहीही मिळणं शक्यच नव्हतं. पुढचे नऊ ड्रॉ धरले तर दागिना लागण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, आणि ५०,००० च्या दागिन्यात त्या शक्यतेची किंमत होते ४५० रुपये. शेवटी मिळणाऱ्या वस्तूच्या भरवशावर बाकीचे पैसे सोडून दिलेले.

तो भरवसा कशावर होता, हेही नीट समजून घ्या. कार्डावर तीन दुकानांचे शिक्के होते: फर्निचरचं, मोबाइलचं, चादरींचं. एजंट म्हणायचा, "एक दुकान बुडलं तर दोन आहेत. तिन्ही एकदम बुडणार आहेत का?" धरून चला, एक दुकान बंद पडण्याची शक्यता दहात एक. तिन्ही खरंच वेगळी असतील तर तिन्ही बंद पडण्याची हजारात एक. ऐकायला भक्कम. पण हा गुणाकार स्वतंत्र घटनांपुरताच चालतो. तिन्ही दुकानांत पैसा एकाच माणसाचा होता, गाळे त्याच्याच नात्यातल्यांच्या नावावर होते. पहिलं बंद पडलं तेव्हा बाकीची दोन बंद पडण्याची शक्यता दहात एक राहिलीच नव्हती. चौदाव्या ड्रॉनंतर एकाच आठवड्यात तिन्ही शटर खाली आली.

परस्परावलंबी घटनांना स्वतंत्र समजून गुणाकार केला की काय होतं, याचं भयंकर उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. सॅली क्लार्क या बाईंची दोन तान्ही मुलं एकापाठोपाठ दगावली. त्यांच्या खुनाचा आरोप आईवरच आला. १९९९ च्या खटल्यात रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की त्यांच्यासारख्या घरात एका बाळाचा अचानक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ त १, म्हणून दोघांची त्या आकड्याचा वर्ग, साधारण ७.३ कोटीत १. एकाच घरातल्या, एकाच रक्ताच्या दोन बाळांना त्यांनी परस्परांशी संबंध नसलेलं धरलं होतं. बाईंना जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं या गुणाकारावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. तोवर तीन वर्षांहून जास्त काळ त्यांनी तुरुंगात काढला होता.

आमच्या एजंटनं दोन्हीकडून हात मारला. ड्रॉ एकमेकांशी संबंध नसलेले होते, तिथं त्यानं संबंध दाखवला. दुकानं एकमेकांत गुंतलेली होती, तिथं त्यानं संबंध लपवला.

कुणी कार्ड घेऊन दारात आलं तर त्याला विचारा: बरण्यांतून एकूण किती वेगवेगळे नंबर निघू शकतात आणि विकले किती? निघालेला नंबर बाजूला ठेवता की परत टाकता? न विकलेला नंबर निघाला तर बक्षीस कुणाचं? हमी देणाऱ्या दुकानांचे मालक कोण, गाळे कुणाच्या नावावर? उत्तरं तोंडी घेऊ नका, लिहून मागा. आमच्याकडं आलेल्या नव्या एजंटला वहिनीनं पहिलाच प्रश्न विचारला, तर तो पाणी न पिताच उठला.

कायदाही ठाऊक असू द्या. हप्ते गोळा करायचे, ड्रॉ काढून काही जणांना बक्षीस द्यायचं आणि बाकीच्यांना शेवटी पैसे किंवा वस्तू द्यायची, अशा योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. प्राइज चिट्स अॅक्ट म्हणून तो ओळखला जातो. ड्रॉ अगदी प्रामाणिक असला तरी योजना बेकायदाच. नोंदणीकृत चिट फंड वेगळे, त्यांना १९८२ चा कायदा लागू होतो. ठेवी बुडवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात आहे, ज्याला एमपीआयडी म्हणतात. आम्ही गल्लीतल्या बायकांनी मिळून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडं अर्ज दिला आहे.

जुन्या योजनेचं कार्ड ज्यांच्याकडं असेल त्यांनी ते रागानं फाडू नका. हप्त्याच्या पावत्या, एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज, सातवाल्या आकड्यांचा तो कागद मिळाला तर तोही, सगळं जपून ठेवा आणि अर्जाला जोडा. कार्डाची झेरॉक्स काढताना दोन्ही बाजूंची काढा. न विकलेल्या नंबरांची ओळ मागच्या बाजूला तळाशी आहे, ती वाचता येईल इतकी स्पष्ट आली पाहिजे.